बंदूक एकाची, पगार दुसऱ्याचा, औषधं तिसऱ्याची: असलं इस्पितळ चालतं कसं?

गिरणगाव_३३ | शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी परळची. ३३ वर्षं पालिकेच्या एका रुग्णालयात औषधांच्या स्टोअरला काढली. त्यामुळे डोक्यात अजून इंडेंट (औषधांची मागणी), बिन कार्ड (साठ्याची नोंद) आणि एक्स्पायरीच असते, हे आधीच कबूल करते.

माझी भाची ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. वय ३१. एका परदेशी वैद्यकीय संस्थेने तिला सहा महिन्यांसाठी निवडलंय. देशाचं नाव लिहू नको असं तिने बजावलंय. एवढंच सांगते, की ज्या गावात इस्पितळ आहे तिथे त्या देशाचं सरकार नावापुरतंसुद्धा नाही. सगळा अंमल एका सशस्त्र गटाचा. नाक्यावर पोरं त्यांची, कर त्यांचा, न्यायनिवाडाही त्यांचाच. सरकार त्यांना दहशतवादी म्हणतं, ते सरकारला लुटारू म्हणतात.

बहिणीने तीन आठवडे लेकीशी अबोला धरलाय. माझ्याशी बोलते, पण तेही "तूच तिला नर्सिंगला घातलंस" एवढं ऐकवायला.

मला धोका किती, जावं की जाऊ नये, हे विचारायचं नाही. ते ती ठरवेल. मला साधे स्टोअरवालीचे प्रश्न पडलेत. तिथल्या वॉर्डबॉयचा पगार कोण देतं? औषधांची गाडी नाक्यावरून कोणाच्या चिठ्ठीवर सुटते? मॉर्फीन आपल्याकडे दोन कुलपांत असतं आणि दोन सह्यांशिवाय हलत नाही, तिथे दुसरी सही कोणाची? लस २ ते ८ अंशांत ठेवायची तर वीज कोणाची? आणि त्यांचा एखादा जखमी कमांडर आला, तर तो रांगेत कितवा?

कोणी असल्या ठिकाणी काम केलंय? वाचलंय? राजकारण नको, कृपया.

नाठाळ | शुक्रवार, रात्री ११:०५

राजकारण नको म्हणून कसं चालेल काकू? दहशतवाद्यांच्या राज्यात जाऊन त्यांच्याच जखमा शिवायच्या आणि वर आम्ही तटस्थ. तो बरा होऊन परत गोळ्या घालायला जाणार. २६/११ बघितलेल्या शहरात हा प्रश्न पडायलाच नको.

चाफेकळी | शुक्रवार, रात्री ११:३२

नाठाळ, २६/११ काढलाच आहेस म्हणून. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर पकडल्यावर कसाबला नायरमध्ये नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. त्याच रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे सिस्टरांनी २० गरोदर बायकांना पँट्रीत हलवून दारं बंद केली. पुढे त्यांनीच कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हे सगळं सांगितलं. आम्हा सिस्टर लोकांना या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच रात्री घडल्याचं नवल वाटत नाही. तुला का वाटतं ते सांग.

(मी कल्याणची. आयसीयूत आहे. आता ड्यूटीवर चाललेय, उत्तर उद्या वाचेन.)

नाठाळ | शुक्रवार, रात्री ११:४१

कसाब बेड्यांत होता आणि दाराबाहेर आपले पोलीस होते. इथे दाराबाहेर कसाबच उभे असणार. फरक आहे.

लोकल_१२_डबा | शुक्रवार, रात्री ११:५०

फरक आहे, मान्य. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सातवा मजला | शनिवार, सकाळी ८:१५

गिरणगावताई, पगाराच्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारी आहे. श्रीलंकेचा वन्नी भाग.

किलिनोच्ची, मुल्लैतीवू हा पट्टा अनेक वर्षं एलटीटीईच्या ताब्यात होता. त्यांचे पोलीस, त्यांची न्यायालयं, त्यांची बँक, त्यांचा कर. पण तिथली सरकारी रुग्णालयं सरकारीच राहिली! डॉक्टर आरोग्य मंत्रालयाचे, पगार कोलंबोहून, औषधांची मागणीही कोलंबोला. ज्या सरकारशी युद्ध चाललंय तेच सरकार शत्रूच्या हद्दीत इस्पितळ चालवतंय. कारण सोपं आहे. पगार थांबवला तर "हा भाग आमचा नाही" असं सरकारनेच कबूल केल्यासारखं होतं. आणि एलटीटीईला फुकट आरोग्य खातं मिळत असेल तर ते कशाला नाही म्हणतील? त्यांनी लढणाऱ्यांसाठी स्वतःचं वेगळं वैद्यकीय पथक ठेवलं होतं, बाकी जनता सरकारी दवाखान्यात.

म्हणजे तुमच्या भाषेत, इंडेंट एकाकडे आणि गेटपास दुसऱ्याकडे.

ही व्यवस्था मोडली २००९ च्या सुरुवातीला. आघाडी आत सरकत गेली तशी इस्पितळं मागे सरकत गेली. पुदुक्कुडियिरुप्पूच्या रुग्णालयावर तोफगोळे पडले. तिथून उठून पुदुमात्तलनला शाळेच्या इमारतीत रुग्णालय मांडलं. शेवटच्या महिन्यांत भुलीची औषधं, प्रतिजैविकं, रक्त साठवायच्या पिशव्या यांची पार टंचाई झाली. रेड क्रॉसने फेब्रुवारी ते मे २००९ या काळात समुद्रमार्गे हजारो जखमी आणि त्यांचे नातेवाईक बाहेर काढले. रस्ता नव्हताच.

आणि युद्ध संपल्यावर आतल्या त्या सरकारी डॉक्टरांना सरकारनेच ताब्यात घेतलं. आतून ते परदेशी माध्यमांना मृतांचे आकडे सांगत होते. जुलै २००९ मध्ये त्यांना पत्रकारांसमोर बसवलं, आणि आकडे फुगवून सांगितले होते असं त्यांनी तिथे म्हटलं. कोठडीत असलेला माणूस काय म्हणतो त्याला किती किंमत द्यायची ते ज्याने त्याने ठरवावं.

गिरणगाव_३३ | शनिवार, सकाळी ९:०२

सातवा मजला, हे वाचून चहा गार झाला. रक्ताच्या पिशव्या संपणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. २६ जुलैच्या पावसात आमच्याकडे दीड दिवस गाडी आली नव्हती, तेव्हा मी रॅकवर हात फिरवून मोजत होते. इथे दीड दिवसानंतर गाडी येणार हे नक्की होतं, एवढंच.

भूलवाली बाई | शनिवार, दुपारी १:२०

मी भूलतज्ज्ञ. ठाण्यात असते. अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आलेय, दोन्ही वेळा २०२१ च्या आधी. संस्थेचं नाव राहू दे. काकू, तुमचे प्रश्न इतके नेमके आहेत की पहिल्या खेपेला निघताना मलाही ते सुचले नव्हते.

आधी पगार. २००३ पासून अफगाणिस्तानात एक पद्धत होती. सरकार स्वतः दवाखाने चालवायचं नाही. जागतिक बँकेसारख्या देणगीदारांच्या पैशातून प्रांतागणिक स्वयंसेवी संस्थांना कंत्राट द्यायचं. २०१८ नंतर याच योजनेचं नाव 'सेहतमंदी'. ३४ पैकी ३१ प्रांत असे कंत्राटावर. तेव्हा प्रांताचं मुख्य शहर सरकारचं आणि निम्मे तालुके तालिबानचे. दवाखाना दोन्हीकडे त्याच संस्थेचा. कंत्राटावर सही काबूलच्या मंत्रालयाची, पण तालुक्यात गाडी शिरायची ती तालिबानच्या आरोग्य समितीच्या माणसाशी बोलूनच. तोंडी. कागद कधीच नाही, कारण कागद दुसऱ्या बाजूच्या हाती लागला तर ड्रायव्हर मेला.

गंमत सांगते. तालिबानचा तो माणूस दवाखान्यात येऊन काय बघायचा? हजेरीपट! डॉक्टर आलाय का, औषधं बाजारात विकली जात नाहीत ना. आमच्या बरोबरचा एक जुना फार्मासिस्ट म्हणायचा, मंत्रालयाचा इन्स्पेक्टर चहा पिऊन जातो, हा मोजून जातो. कौतुक म्हणून सांगत नाही. तोच माणूस पुढे "जखमींसाठी ओटी आमच्या बाजूला उघडा" म्हणून धरणं धरायचा, आणि बाळंतिणीच्या खोलीचा विषय काढला की गप्प.

आता मॉर्फीन. कुलूप संस्थेचं, रजिस्टर संस्थेचं, दोन सह्या संस्थेच्याच, एक देशी आणि एक बाहेरून आलेला. म्हणून तर भाचीसारखी माणसं लागतात. स्थानिक माणसावर एकट्यावर किल्ली ठेवली तर दोन्ही बाजू त्याच्या घरी जातात. आपल्या घरी जायला त्यांना परळला यावं लागेल.

भूल म्हणाल तर केटामाइन. आपल्या मोठ्या इस्पितळात आम्ही जरा नाक मुरडतो, पण तिथे ते देवासारखं. पेशंट स्वतः श्वास घेत राहतो, बीपी टिकतं, व्हेंटिलेटर नसला तरी हातपाय शिवता येतात. ऑक्सिजनचे सिलिंडर नाक्यावर अडकतात, स्फोटाला वापरतील म्हणून. मग हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर, आणि कॉन्सन्ट्रेटरला वीज, आणि विजेला डिझेल. सगळं येऊन डिझेलवर थांबतं काकू. लसीचा फ्रिजसुद्धा.

रांग: दारावर बंदुकीच्या चित्रावर लाल काट मारलेली पाटी असते. हत्यार बाहेर ठेवायचं, मग आत. आत आल्यावर ट्रायाज, म्हणजे कोण किती गंभीर त्यावरून क्रम. लाल, पिवळा, हिरवा. कमांडर हिरवा असेल तर बाकावर बसेल. बसतो का? बहुतेक वेळा बसतो. कारण त्याला उद्याही हे इस्पितळ हवं असतं. न बसल्याचं एकदा बघितलंय, ते इथे लिहीत नाही.

चाफेकळी | शनिवार, दुपारी १:४४

+१ डॉक्टर बाई. वाचनखूण साठवली.

नाठाळ | शनिवार, दुपारी २:१०

छान लिहिलंय, खरंच. पण माझा प्रश्न तसाच आहे. दवाखाना फुकट मिळाला की त्यांचा तेवढा पैसा वाचला. तो कशाला वापरणार? शिवाय लोक म्हणणार, बघा, यांच्या राज्यात दवाखाना चालतो. तुमच्या संस्था त्यांना सरकार बनवतात.

भूलवाली बाई | शनिवार, दुपारी ३:००

नाठाळ, हा प्रश्न आम्ही तिथे रात्री गच्चीवर बसून एकमेकांना विचारायचो. तुझं म्हणणं चूक नाही. लेबनॉनमध्ये हिजबुल्लाचं स्वतःचं आरोग्य खातं आहे आणि त्यातून त्यांनी मतं कमावली. इस्पितळ ही सत्ता आहेच. गावातल्या बाईला कोणामुळे सिझेरियन झालं ते ती विसरत नाही.

पण दुसरं टोकही बघ. सोमालियात १९९१ पासून काम करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने ऑगस्ट २०१३ मध्ये सगळं बंद केलं. २२ वर्षांत त्यांची १६ माणसं मारली गेली होती. शेवटचा घाव बंदूकवाल्यांचा नव्हता फक्त. ज्यांच्याशी बोलून सुरक्षिततेची हमी मिळायची, तीच मोठी माणसं हल्ल्यांकडे काणाडोळा करत होती, कधी सामील होती, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे रेषा असते. ती कुठे आहे हे आधी ठरवता येत नाही, ओलांडल्यावर कळतं. त्यांच्या निघून जाण्याने बंदुका कमी झाल्या नाहीत, दवाखाने कमी झाले.

लोकल_१२_डबा | शनिवार, संध्याकाळी ६:३०

विरारला पोचेपर्यंत सगळं वाचलं. लसीबद्दल थोडं.

२०११ मध्ये अबोटाबादला बिन लादेनचा ठावठिकाणा लावायला सीआयएने हेपटायटिस बीच्या लसीकरणाची खोटी मोहीम केली. बातमी फुटली. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानातल्या तालिबान गटाने फतवा काढला, ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओचा डोस नाही. त्यानंतर डोस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घालायला सुरुवात झाली. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण. त्याच वर्षी २७ मार्चला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्हाइट हाउसने सांगितलं की यापुढे सीआयए लसीकरणाच्या आडून हेरगिरी करणार नाही. बैल गेला न् झोपा केला.

म्हणून मला वाटतं की या सगळ्यात सगळ्यात नाजूक चीज लस किंवा भूल नाही. "हा माणूस खरंच डॉक्टरच आहे" हा विश्वास. तो बंदूकवाल्याने मोडला तर आपण शिव्या घालतो. इथे सरकारने मोडला.

उलट एक सुंदर उदाहरण. एल साल्वादोरमध्ये यादवी चालू असताना १९८५ मध्ये युनिसेफ आणि तिथल्या चर्चने मध्यस्थी केली, आणि तीन रविवार दोन्ही बाजूंनी बंदुका खाली ठेवल्या, पोरांना लस द्यायला. तीन रविवार! आपला पोलिओ रविवार आठवला. माझी आई अंगणवाडीत होती, बुथवर बोटाला शाई लावायला मी जायचो.

सातवा मजला | शनिवार, संध्याकाळी ७:०५

भर घालतो. १९९५ मध्ये सुदानमध्ये जिमी कार्टर यांनी नारूसाठी युद्धविराम घडवला. सुरुवात दोन महिन्यांची, टिकला जवळजवळ सहा महिने. आणि उलट्या बाजूचं: सीरियात २०१७ मध्ये देर-एझ-झोरला, जो भाग तेव्हा बराचसा इसिसकडे होता, लसीपासून उद्भवलेल्या पोलिओने सत्तरहून जास्त मुलं लुळी पडली. लसीकरण अनेक वर्षं तुटलेलं. विषाणूला नाका नसतो.

वैरागड | शनिवार, रात्री ९:५०

इतका वेळ फक्त वाचत होतो. तुम्ही सगळे फार लांबलांबचं बोलताय. मी गडचिरोलीचा. आता डोंबिवलीत राहतो, पण बालपण एटापल्ली तालुक्यात गेलं. वडील आरोग्य खात्यात, गावोगाव फिरून तापाच्या पेशंटच्या रक्ताच्या काचपट्ट्या घ्यायचे. मलेरियाचं काम.

'सशस्त्र गटाचा ताबा' वगैरे शब्द आमच्याकडे कोणी वापरत नव्हतं. 'आत' म्हणायचे. अमुक गाव आत आहे. आत दलमचा, म्हणजे नक्षल्यांच्या तुकडीचा शब्द चालायचा. बाबांची सायकल आणि काचपट्ट्यांची पेटी सगळ्यांना माहीत होती. दलमवाले थांबवायचे, तापाच्या गोळ्या मागायचे. दिल्या नाहीत तर पंचाईत. दिल्या तर कॅम्पवर पोलीस विचारणार, शंभर गोळ्या नेल्या, पट्ट्या चाळीसच कशा? बाबा म्हणायचे, माझ्या रजिस्टरला दोन साहेब आहेत. त्यांना गोळीची भीती वाटायची नाही, 'खबऱ्या' या शब्दाची वाटायची. आमच्याकडे त्या शब्दावर माणसं मेली आहेत. आणि दुसऱ्या बाजूला 'नक्षल समर्थक' हा शब्द होताच.

पावसाळ्यात तर कोणाचाच ताबा नसायचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटलं. बाळंतीण अडली तर खाट उलटी करून डोली करायची आणि चार माणसांनी चालत हेमलकशाला न्यायची. आमटेंचा दवाखाना १९७३ पासूनचा. तिथे दलमवाला गेला की पोलिसाचा भाऊ गेला हे कोणी विचारत नव्हतं, म्हणून तो टिकला असं बाबांचं मत. रस्ता, वीज, फोन काही नसताना टिकला.

आणि बंग दांपत्याचं काम. त्याबद्दल एकच सांगतो. डॉक्टर पोचत नाही तर गावातल्याच बाईला शिकवा, तिच्याकडे नवजात बाळाचा श्वास मोजायचं यंत्र द्या, इंजेक्शन द्यायला शिकवा. ३९ गावांत १९८८ मध्ये हजारामागे १२१ बाळं वर्षाच्या आत दगावायची, २००३ पर्यंत ती संख्या ३० वर आली. आरोग्यदूत म्हणतात त्या बायकांना. ती गावं काही दलमच्या राज्यात नव्हती, पण धडा तोच. गावातली बाई नाक्यावर अडत नाही. ती नाक्याच्या अलीकडेच असते.

माझी बहीण त्या ३९ गावांतली नव्हती. तिसऱ्या दिवशी गेली. असो.

गिरणगाव_३३ | शनिवार, रात्री १०:२०

वैरागड, काय लिहू. गोळ्या शंभर आणि पट्ट्या चाळीस, हा हिशेब मी कधी विसरणार नाही. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

वैरागड | शनिवार, रात्री १०:२६

सांगतो. अजून रजिस्टर ठेवतात, आता घरच्या दुधाचं.

काळा कोट | रविवार, सकाळी १०:१०

कोर्ट बंद असलं की माझी लिहायची वेळ. कायद्याचं थोडक्यात, कारण नाठाळचा मुद्दा भावनेचा वाटला तरी कायद्यातही तो आहे.

१९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत कलम ३ सारखंच आहे. देशांतर्गत सशस्त्र संघर्षातसुद्धा जखमी आणि आजारी माणसांना गोळा करून त्यांची शुश्रूषा करायची, हे दोन्ही बाजूंवर बंधनकारक. सरकारवरही आणि गटावरही. आपण १९६० मध्ये त्यासाठी कायदा केला. १९७७ च्या दुसऱ्या पुरवणी करारात तर स्पष्ट म्हटलंय की वैद्यकीय नीतीला धरून उपचार केले म्हणून, पेशंट कोणीही असो, कोणाला शिक्षा करायची नाही. त्या पुरवणीवर भारताची सही नाही.

दुसरीकडे दहशतवादविरोधी कायदे. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मदत' या शब्दाचा अर्थ इतका ताणला की यादीतल्या संघटनेला शांततेचं प्रशिक्षण देणंही त्यात बसलं. बँका घाबरल्या, संस्थांचे पैसे अडकले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ करून निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट दिली. आणि २०१६ चा ठराव २२८६, युद्धात दवाखान्यांवर हल्ले नकोत म्हणून, तो अफगाणिस्तानातल्या कुंदूझनंतरचा. कुंदूझचं इस्पितळ ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेच्या विमानाने उडवलं, ४२ माणसं गेली. इस्पितळाने आपला ठावठिकाणा आधी कळवलेला होता.

ताई, भाचीच्या करारात अटक झाल्यास वकील कोण देणार ते कलम आहे का बघा. विमा सगळे बघतात, हे कोणी बघत नाही.

सोलापुरी_चादर | रविवार, सकाळी ११:३०

एवढं सगळं झालं आणि आमच्या कोटणीसांचं नाव कोणी घेतलं नाही? तेही परळच्या बाईंच्या धाग्यावर?

द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९१०. शिक्षण परळच्या शेठ जी. एस. मेडिकलला. जपानने चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. पुढच्या वर्षी हे लोक येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या बालेकिल्ल्यात पोचले. तिथून कोटणीस जपान्यांच्या पिछाडीला, कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीच्या डोंगराळ तळावर. नॉर्मन बेथून हा कॅनडाचा सर्जन तिथेच नोव्हेंबर १९३९ मध्ये बोटाला झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन गेला. हातमोजे नव्हते. त्याच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस पुढे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, ३२ व्या वर्षी, फिट्स येऊन. मागे चिनी बायको आणि काही महिन्यांचं पोर.

त्यांच्या आईनेही अबोला धरला असेल का, असं तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाटून गेलं.

सातवा मजला | रविवार, सकाळी ११:५२

किंचित दुरुस्ती. त्या काळात जपानविरुद्ध राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांची संयुक्त आघाडी होती, आठवी रूट आर्मी कागदोपत्री च्यांग कै-शेकच्या राष्ट्रीय सैन्याचाच भाग. त्यामुळे 'बंडखोरांचा मुलूख' तंतोतंत बसत नाही.

सोलापुरी_चादर | रविवार, दुपारी १२:०५

कागदोपत्री! तिकडे औषधांची नाकेबंदी कोण करत होतं ते बघा. च्यांगच ना? मग कागद घाला चुलीत.

नाठाळ | रविवार, दुपारी १२:४०

कोटणीस परक्या आक्रमकाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने गेले. ते तटस्थ नव्हतेच. पुढे कम्युनिस्ट पक्षातही गेले. आदर आहे, पण उदाहरण माझ्या बाजूचं आहे, तुमच्या नाही.

भूलवाली बाई | रविवार, दुपारी १:१५

नाठाळचं बरोबर आहे इथे. कोटणीस बाजू घेऊन गेले, भाची बाजू न घेता चाललीय. दुसरं जास्त अवघड. बाजू घेतली की निदान एका बाजूचे लोक तुमच्यावर प्रेम करतात.

चाफेकळी | रविवार, दुपारी ४:००

दोन रात्रपाळ्या करून आले, धागा कुठच्या कुठे गेलाय.

पगारावरून एक आठवण. २०१४ मध्ये इराकात तिक्रितला अडकलेल्या केरळच्या ४६ नर्सेस आठवतात? इसिसने त्यांना मोसुलला नेलं आणि जुलैच्या सुरुवातीला सोडलं, कोचीला सुखरूप आल्या. बातम्या सगळ्या सुटकेच्या. पण त्यातल्या कित्येकींचे पगार आधीच थकले होते आणि घरी एजंटला दिलेल्या पैशांचं कर्ज. रिकाम्या हाती परत कसं जायचं म्हणून काही जणी सुरुवातीला निघायला तयार नव्हत्या. आमच्या होस्टेलला तेव्हा दोन मल्याळी मुली होत्या, त्या रात्रभर फोनवर.

काकू, तुमचा पहिला प्रश्न पगाराचा होता, तो म्हणूनच सगळ्यात मोठा आहे. सगळे बाँब मोजतात. येमेनमध्ये ऑगस्ट २०१६ पासून सरकारी नोकरांचे पगार थकले, त्यात मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवायचा घोळ. हुथी बंडखोरांच्या भागातले डॉक्टर, सिस्टर, पाणी खात्याची माणसं, कचरेवाले, सगळे बिनपगारी. पुढच्या वर्षी कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले. क्लोरीन टाकणाऱ्या माणसाला पगार नसला की काय होतं ते आपल्याला कळायला अवघड नाही.

काळा कोट | रविवार, दुपारी ४:२०

आणि अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर उलटं. अख्खा देशच त्या गटाच्या ताब्यात आल्यावर देणगीदारांनी पैसे गोठवले, हजारो दवाखाने बंद पडायला आले. तेव्हा रेड क्रॉसने नोव्हेंबरपासून मोठ्या रुग्णालयांतले पगार स्वतः भरले.

भूलवाली बाई | रविवार, दुपारी ४:३५

आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी मुलींना नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही बंद केलं. ज्या मुलखात कित्येक ठिकाणी पुरुष डॉक्टरने बाईला तपासायचं नाही, तिथे. माझ्याबरोबर काम केलेल्या एका सुईणीची मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. हजेरीपट मोजणाऱ्यांचं मी मघाशी जे लिहिलं ते याच्यासकट वाचा.

गिरणगाव_३३ | मंगळवार, रात्री ९:१५

दोन दिवस आले नाही कारण धागा छापून भाचीला दिला. तिने पेन घेऊन वाचला. डॉक्टर बाईंच्या डिझेलवर दोन रेघा मारल्यात. वकील साहेबांचं कलम तिच्या करारात नव्हतं. तिने मेल केली, काल उत्तर आलं, पुरवणी जोडून देतायत. त्या एका ओळीसाठी हा धागा वसूल.

वैरागड यांच्या बाबांचं वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मला विचारलं, "मावशी, शंभर गोळ्या आणि चाळीस पट्ट्या, तू काय लिहिलं असतंस?" मी म्हटलं, साठ तुटफूट. ती हसली. ३३ वर्षांत मी असं एकदाही लिहिलेलं नाही, हे तिला माहीत आहे.

डॉक्टर बाई, एक प्रश्न राहिला. एक्स्पायरी झालेल्या औषधांचं काय करतात?

भूलवाली बाई | मंगळवार, रात्री ९:४०

वेगळ्या खोलीत, वेगळं कुलूप, यादी, मग भट्टीत. आणि देणगीत आलेलं निम्मं त्याच खोलीत जातं. कोणीतरी युरोपातून दोन महिने उरलेली रक्तदाबाची गोळी पाठवतो, नाक्यावर तीन महिने थांबते. जाळताना धूर दिसला की गावात अफवा, औषधं असून आम्हाला देत नाहीत. म्हणून गावातल्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर जाळतात. तिला सांगा, हे काम कोणी करायला तयार नसतं, तिने मागून घ्यावं.

नाठाळ | मंगळवार, रात्री ९:५५

माझं मत बदललेलं नाही. पण काकू, सॅट फोनवर रोज एक ठरलेली वेळ असते असं ऐकलंय, ती विचारून घ्या. आणि ती पोचली की इथे कळवा.

गिरणगाव_३३ | मंगळवार, रात्री १०:१०

कळवेन, नाठाळ.

बहीण अजून लेकीशी बोलत नाही. पण आज दुपारी मला फोन करून विचारलं, तिकडे सुट्टी रविवारी असते की शुक्रवारी. मला माहीत नव्हतं.

भूलवाली बाई | मंगळवार, रात्री १०:१४

देशावर आहे. ओटीला कुठेच नसते.